शून्याची राखण

२०२५ च्या दिवाळीच्या आधी आम्ही घराला रंग द्यायला काढला. सामान या खोलीतून त्या खोलीत हलवताना कंबर मोडून गेली होती, घरभर पुट्टीचा आणि टर्पेंटाइनचा वास कोंडला होता, आणि मी खोक्यांच्या ढिगाऱ्यात चहाचे गाळणे शोधत असताना आतल्या खोलीतून रंगाऱ्याने हाक मारली, “ताई, दारामागचा हा कागद फाडू का?” जाऊन पाहिले तर ते वर्तमानपत्राचे जुने कात्रण होते. २०२२ च्या जानेवारीत आपल्याकडे झालेल्या महिलांच्या आशियाई करंडक फुटबॉल स्पर्धेचे वेळापत्रक. चारही कोपऱ्यांची चिकटपट्टी पिवळी पडून कडक झाली होती, आणि प्रत्येक सामन्यापुढच्या कोऱ्या जागेत माझ्या लेकीने, तेव्हा अकरा वर्षांची होती ती, आपल्या टपोऱ्या अक्षरात निकाल लिहून ठेवले होते. अगदी अंतिम सामन्यापर्यंत, चीन ३, दक्षिण कोरिया २. पहिल्या दिवसापुढे लिहिले होते, भारत ०, इराण ०. त्याखाली भारताच्या आणखी दोन सामन्यांच्या ओळी होत्या, आणि त्यांच्यापुढे काहीच लिहिलेले नव्हते. “नको, ते दार सगळ्यात शेवटी करा,” असे मी रंगाऱ्याला सांगितले. तो बिचारा बरे म्हणाला आणि खिडकीकडे वळला.

त्या कागदासमोर उभे राहून लेकीने मला एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचे उत्तर मी आजवर दिलेले नव्हते.

आम्ही नेरूळला राहतो. आमच्या गॅलरीच्या एका टोकाला उभे राहिले की दोन इमारतींच्या फटीतून डी. वाय. पाटील स्टेडियमच्या दिव्यांचा पांढरा उजेड दिसतो. २० जानेवारीच्या त्या रात्री सामना इतका जवळ होता आणि तरी करोनाच्या लाटेमुळे प्रेक्षकांना आत प्रवेश नव्हता. लेकीने गॅलरीतच बस्तान मांडले. मोबाईल कठड्याच्या कुंडीला टेकवून ठेवला, शाल गुंडाळून घेतली आणि समोरच्या आकाशातला तो उजेड व हातातले चित्र अशी दोन्हींकडे आळीपाळीने पाहत बसली. स्टेडियमच्या बाजूने एक आवाज येत नव्हता. मोबाईलमध्ये मात्र, बाके रिकामी असल्यामुळे, एरवी कधीच ऐकू न येणाऱ्या गोष्टी ऐकू येत होत्या. चेंडूला बूट लागल्याचा ठोसा, दोघींची अंगे एकमेकींवर आदळल्याचा दबका आवाज, आणि भारताच्या बचावफळीतून सतत येणाऱ्या हाका. शब्द कळत नव्हते. कोण ओरडते आहे हेही ओळखता येण्याजोगे नव्हते. लेकीने मात्र ठरवून टाकले होते की तो आवाज कर्णधाराचा, म्हणजे आशालता देवीचाच. भारताने सामनाभर चढाया केल्या, इराणचा संघ या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता, तरीही त्यांच्या झोहरे कौदाई या गोलरक्षिकेने काही आत जाऊ दिले नाही, आणि सामना कोरा सुटला. मला चुटपुट लागली. हा सामना आपण जिंकायलाच हवा होता, असे मी बोलूनही दाखवले. लेक मान हलवून हो म्हणाली, पण लिहिताना तिने दोन्ही शून्ये चांगली ठसठशीत काढली आणि म्हणाली, “पण आपण एकही होऊ दिला नाही.”

तीन दिवसांनी चिनी तैपेईविरुद्धचा, म्हणजे तैवानच्या संघाविरुद्धचा, सामना होता. शाल, कुंडी, मोबाईल, सगळे पुन्हा जागच्या जागी मांडून झाले होते. मग बातमी आली की भारतीय संघातल्या इतक्या जणींना करोनाची बाधा झाली आहे की नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान तेरा खेळाडूही उभ्या करता येत नाहीत. तो सामना झाला नाही. २६ जानेवारीचा चीनविरुद्धचाही होणार नव्हता. स्पर्धेच्या नियमांनुसार भारताने माघार घेतली असे धरले गेले आणि इराणशी झालेला सामनाही गुणतक्त्यातून रद्दबातल ठरला. २०२३ च्या विश्वचषकाकडे जाणारी वाट याच स्पर्धेतून निघत होती. ती आपल्याच अंगणात, एक सामना खेळून झाल्यावर, बंद झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक हातात पेन घेऊन दारामागे उभी होती. “आई, मग हे शून्य खोडायचं का?” तिने विचारले. मी “राहू दे आता” असे काहीतरी पुटपुटले आणि कुकरच्या शिट्टीचे निमित्त करून स्वयंपाकघरात गेले.

रद्द झालेला गोल निदान डोळ्यांपुढे आणता येतो. होऊ न दिलेला गोल रद्द झाला तर नेमके काय हातचे जाते, हे मला सांगता येईना.

लेक बचावात खेळते ही गोष्ट मला बरेच दिवस शिक्षेसारखी वाटत असे, हे कबूल केले पाहिजे. शाळेच्या संघात तिची निवड झाली तेव्हा माझ्या तोंडून निघालेले पहिले वाक्य होते, “पुढे का नाही घेतलं तुला?” घरी येणारे काका, मामा, शेजारी, सगळ्यांचा एकच प्रश्न असे, किती गोल केलेस? ती “एकही नाही” म्हणे, समोरचा माणूस ओशाळून “असू दे, पुढच्या वेळी” म्हणे, आणि तिच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा थकवा येई. मग एका पावसाळी रविवारी, मैदानात गुडघाभर चिखल असल्याने सराव रद्द झालेला असताना, तिने मोज्यांचा चेंडू केला, मला दिवाणखान्याच्या एका टोकाला उभे केले आणि म्हणाली, “आई, तू ये माझ्या अंगावर.” मी चेंडू ढकलत निघाले. ती मला सामोरी आली नाही, तिरकी उभी राहिली. गुडघे वाकलेले, एक पाय पुढे, माझ्यापासून हातभर अंतर, आणि नजर माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडेही नाही, नुसती चेंडूवर. मी पुढे सरकले की ती तेवढीच मागे सरकत होती. मी डावीकडे जावे म्हटले तर तिकडची वाट मोकळी वाटेना, म्हणून उजवीकडे वळले, आणखी थोडी वळले, आणि कधी ते कळले नाही पण मी टीपॉय आणि भिंत यांच्या बेचक्यात येऊन उभी होते. तिने चेंडूला पायही लावला नव्हता. “घाई करायची नाही,” ती म्हणाली. “आपण आधी पाय टाकला की संपलं. समोरचीला वाटायला हवं की कुठे जायचं ते तीच ठरवतेय.” तेव्हापासून मी सामना बघताना चेंडूपासून डोळे काढून मागे उभ्या असलेल्या मुलींकडे पाहायला शिकले. चेंडू येण्याआधी त्या दोन्ही खांद्यांवरून मान वळवून मागचा अंदाज घेतात. चौघी जणी एकमेकींकडे न पाहता एकाच क्षणी दोन पावले पुढे येतात आणि समोरची आघाडीची खेळाडू ऑफसाईडमध्ये, म्हणजे नियमाबाहेरच्या जागी, एकटी उरते. चौघींतली एक जरी अर्धे पाऊल मागे रेंगाळली तरी सगळा डाव फसतो, आणि मग बाकीच्या तिघींनी केलेले बरोबर असले तरी त्याला काही अर्थ उरत नाही.

माझे आजोळ मंगळवेढ्याकडचे. काळ्या रानात मालदांडी ज्वारी उभी असे, आणि नाताळच्या सुट्टीत आम्ही मुले हुरड्याच्या आशेने तिकडे जात असू. कणसात दाणा भरू लागला की राखण सुरू होई. शेताच्या मधोमध चार वाशांवर बांधलेला माळा, त्यावर कडब्याची सावली, आणि त्या माळ्यावर सकाळी दव असल्यापासून आजी उभी. भोरड्यांचा थवा आला तर घटकाभरात अर्धे शेत रिकामे करून जातो, त्यामुळे तिला बसायची सोय नसे. हातात गोफण, पदराच्या ओच्यात खडे, आणि तोंडाने सारखी आरोळी. खडा पाखराला लागावा म्हणून ती मारत नसे. गोफणीच्या फटकाऱ्याने थवा उठावा आणि दुसरीकडे वळावा, एवढेच तिला हवे असे. मी एकदा तिला विचारले होते की तू दिवसभर केलेस तरी काय? तिने हसून शेताकडे हात केला. तिथे जसे काल होते तसेच सगळे होते. पुढे सुगीत धान्य खळ्यावरून घरी आले की पेरणाऱ्याचे, कापणी करणाऱ्यांचे, बैलांचेसुद्धा नाव निघे. माळा तोवर मोडून वाशे गोठ्यात ठेवलेले असत. त्या जानेवारीच्या रात्री गॅलरीत, मोबाईलमधून येणाऱ्या त्या हाका ऐकताना माझ्या अंगावर काटा आला तो आजीच्या आरोळीमुळे. तोच सूर होता. कुणाला तरी हाकलणारा आणि त्याच वेळी आपल्या माणसांना सावध करणारा.

लोइटोंगबम आशालता देवी इम्फाळची, जन्म जुलै १९९३ चा. तिच्या मणिपूरमध्ये याओशांगच्या, म्हणजे आपल्या होळीच्या, दिवसांत गल्लोगल्ली खेळांच्या स्पर्धा रंगतात, इम्फाळचा प्रचंड बाजार बायकाच चालवतात, आणि ओइनम बेमबेम देवी तिथूनच निघून १९९५ मध्ये पंधराव्या वर्षी भारताकडून खेळली होती. फुटबॉल खेळणारी बाई हे दृश्य तिथे नवलाचे नव्हते. आशालता २०११ मध्ये वरिष्ठ संघात आली. २०१५ मध्ये ती मालदीवच्या न्यू रेडियंट क्लबकडून खेळायला गेली, कारण आपल्याकडे तेव्हा महिलांची राष्ट्रीय लीगच नव्हती. पुढे ती भारताची कर्णधार झाली. २०१९ च्या मार्चमध्ये नेपाळमधल्या विराटनगरला सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या, स्पर्धेच्या अंतिम सामन्यात यजमान नेपाळशी गाठ पडली, आणि त्यांच्याकडे साबित्रा भंडारी होती. दक्षिण आशियातल्या बचावपटूंची झोप उडवणारी ही मुलगी. भरल्या मैदानात साबित्राने एक गोल केलाही, पण भारत ३-१ ने जिंकला, आणि भारताचा पहिला गोल दालिमा छिब्बर या दुसऱ्या बचावपटूने लांबवरून घेतलेल्या फ्री किकवर झाला होता. मला त्या सामन्यातले गोल आठवतात. आशालताने काय काय अडवले असेल, कितीदा साबित्राला तिरके उभे राहून कडेला नेऊन सोडले असेल, ते आठवत नाही, कारण सामन्याच्या क्षणचित्रांत ते दाखवतच नाहीत. त्या मोसमासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने तिला वर्षातली सर्वोत्तम खेळाडू ठरवले, आणि आशियातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठीही तिचे नाव अंतिम यादीत गेले.

तो पुरस्कार जपानच्या साकी कुमागाईला मिळाला. तीही मूळची बचावपटूच, पण जगाला ती ठाऊक झाली ती २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातली निर्णायक पेनल्टी जाळ्यात मारल्यामुळे. त्याच सामन्यात अतिरिक्त वेळ संपता संपता अझुसा इवाशिमिझुने, जपानच्याच बचावातल्या मुलीने, अमेरिकेची अ‍ॅलेक्स मॉर्गन मोकळी सुटते आहे हे पाहून तिला पेनल्टी क्षेत्राच्या जरा बाहेर आडवे केले आणि लाल कार्ड घेऊन मैदान सोडले. त्या फ्री किकवर गोल झाला नाही, सामना पेनल्टींवर गेला आणि जपान जिंकले. इवाशिमिझुचे नाव आज किती जणांना सांगता येईल? आशालताचेही तसेच. २०२२ च्या मे महिन्यात भुवनेश्वरला इंडियन विमेन्स लीगच्या निर्णायक सामन्यात तिचा गोकुलम केरळ संघ सुरुवातीलाच सेतू एफसीविरुद्ध मागे पडला होता. बरोबरीची पेनल्टी तिने मारली, पुढे गोकुलम ३-१ ने जिंकले, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तिचे नाव गोल करणाऱ्यांच्या ओळीत होते. बचावपटूचे नाव त्या ओळीत येते ते सहसा अशा एखाद्या पेनल्टीने किंवा कॉर्नरवरच्या हेडरने.

किंवा दुसऱ्या एका प्रकाराने. तो आम्ही दोघींनी समोर बसून पाहिला.

त्याच २०२२ च्या ३० ऑक्टोबरला, त्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर, सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता, स्पेन विरुद्ध कोलंबिया. या वेळी दारे उघडी होती. लेकीला जानेवारीची भरपाई हवी होती, म्हणून आम्ही लवकर जाऊन बसलो. घामेजलेली संध्याकाळ, पॉपकॉर्नचा वास, पिपाण्यांचा कलकलाट, आणि हिरवळ इतकी झळझळीत की डोळे दिपावेत. सामना गोलाविना ऐंशी मिनिटांपर्यंत आला होता आणि लेक कोलंबियाच्या बचावावर खूश होती. ८२ व्या मिनिटाला स्पेनच्या चढाईत चेंडू कोलंबियाच्या आना गुझमान या बचावपटूला लागून तिच्याच जाळ्यात गेला. सारे स्टेडियम उसळले. आमच्या पुढच्या रांगेतली मुले नाचू लागली. लेक खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी आपले गुडघे घट्ट धरले. स्पेन १-० ने जगज्जेते झाले. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल, आणि तो ज्या मुलीच्या नावावर लागला तिने त्याआधीची ऐंशी मिनिटे तो होऊ नये म्हणूनच खर्ची घातली होती. परतताना पुलावरच्या गर्दीत लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ती तिथे नसती तरी तो आत गेला असता का?” मला माहीत नव्हते. ती तिथे होती, जिथे असायला हवे होते तिथेच होती, एवढे मात्र आम्ही दोघींनी पाहिले होते. पुढे हीच गुझमान जर्मनीच्या बायर्न म्युनिकमध्ये दाखल झाल्याची बातमी लेकीनेच मला ओरडत येऊन सांगितली.

आशालताचे ते वर्ष अजून संपायचे होते. खरे तर त्या अंतिम सामन्याआधी, ऑगस्टमध्येच, आणखी एक घाव बसून गेला होता. गोकुलमचा संघ आशियातल्या महिला क्लबांच्या स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचला होता, आणि नेमक्या त्याच वेळी फिफाने भारतीय महासंघावर बंदी घातली. कारभारात बाहेरच्यांचा हस्तक्षेप झाला, असे कारण होते. मुली हॉटेलात बसून राहिल्या. क्लबने थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले. बंदी २६ ऑगस्टला उठली, पण तोवर संघ एकही सामना न खेळता परत फिरला होता. आठ महिन्यांत दुसऱ्यांदा आशियाई पातळीवरची दारे बंद झाली होती, आणि दोन्ही वेळा चेंडू कुठे चुकला नव्हता. आघाडीच्या खेळाडूचे वर्ष वाया गेले तर तिच्या नावावर निदान आधीच्या गोलांची बेरीज असते. बचावपटूची वर्षे कशात मोजायची? मी हा प्रश्न मनात धरून बसते तेव्हा मला तिच्यासाठी राग येतो, आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही.

तिच्या पेशाकडे पोटापाण्याच्या बाजूने पाहिले तर आणखी वाईट वाटते. २०१७ साली सुरू झालेली महिलांची लीग पहिली काही वर्षे एकाच गावात काही आठवड्यांत उरकली जात असे. दोन-तीन दिवसांआड सामना, दुखरे पाय घेऊन पुढचा, आणि मग उरलेले वर्ष रेल्वेची किंवा पोलिसांची नोकरी असेल तर तिच्या आधाराने, नसेल तर घरच्यांच्या. घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर महिनोन्महिने चालणारी लीग २०२३-२४ मध्ये आली, आणि त्याच सुमारास निदान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत असे महासंघाने ठरवले. हे वाचताना मला आनंद झाला, आणि लगेच हिशेब करून तो ओसरलाही. आशालता तेव्हा तिशी गाठून बसली होती. जिच्या खांद्यावरून पुढच्या मुली वर चढल्या तिची उमेदीची वर्षे त्या काही आठवड्यांच्या लीगमध्ये गेली होती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये काठमांडूला, सॅफ स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध, ती शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना खेळली. शंभर सामने खेळणारी पहिली भारतीय महिला. त्याच सामन्यात भारताच्या आघाडीच्या फळीतल्या बाला देवीने पन्नासावा आंतरराष्ट्रीय गोल केला, भारत ५-२ ने जिंकला, आणि आमच्या घरी त्या रात्री शेवयांची खीर झाली. लेक तोवर चौदाची झाली होती. बालाच्या पन्नास गोलांची यादी करता येईल, कोणत्या देशाविरुद्ध, कोणत्या मिनिटाला, डाव्या पायाने की डोक्याने. आशालताच्या शंभराचा अर्थ एवढाच की ती शंभर वेळा तिथे उभी होती. मी हे बोलले तेव्हा लेकीने चमचा वाटीत ठेवून माझ्याकडे पाहिले. “एवढाच कसा? शंभर वेळा कुणाला तरी वाटलं की ती मागे असली म्हणजे आपण पुढे जाऊ शकतो,” ती म्हणाली, आणि मग थोड्या वेळाने, “दोन गोल झालेले तिला आवडले नसणार.” २०२५ च्या जुलैमध्ये भारताने थायलंडला त्यांच्याच देशात, चियांग माईला, २-१ ने हरवून पात्रता फेरीतून आशियाई करंडकात पहिल्यांदा जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि कर्णधार स्वीटी देवी. तीही बचावपटू, तीही मणिपूरची, आशालताच्या शेजारी वर्षानुवर्षे उभी राहिलेली.

रंगकाम आटोपल्यावर, दिवाळीही सरल्यावर, २ नोव्हेंबरची रात्र आली. भारताच्या मुली त्याच डी. वाय. पाटीलवर क्रिकेटचा विश्वचषक खेळत होत्या, आणि पावसाने सामना लांबून मध्यरात्र होत आली होती. आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो, गॅलरीचे दार उघडे होते. दीप्ती शर्माने चेंडू टाकायला धाव घेतली, आणि टीव्हीतल्या चित्रात अजून चेंडू तिच्या हातातच असताना स्टेडियमच्या बाजूने गर्जना आली. क्षणभर आम्ही एकमेकांकडे पाहिले. मग चित्रात हरमनप्रीतने मागे धावत जाऊन झेल घेतला. तोवर लेक गॅलरीत पोहोचली होती. नेरूळ जागे होते, फटाके, ढोल, खिडक्याखिडक्यांतून थाळ्या. मी रडत होते, आणि त्या रडण्यात सगळे काही आनंदाचेच होते असे मला म्हणता येणार नाही. त्याच दिव्यांखाली, त्याच गॅलरीतून, मी एक पूर्ण सामना ऐकला होता आणि त्यात त्या हाकांशिवाय फारसे दुसरे काही नव्हते. लेक कठड्याला टेकून उजेडाकडे पाहत होती. तिला काय आठवत होते ते मी विचारले नाही.

झोप येईना म्हणून मी पहाटे कपाटातली प्लॅस्टिकची फाईल काढली. दाराला रंग द्यायच्या आधी तो कागद मी गरम पाण्याच्या फडक्याने चिकटपट्टी सैल करून सोडवून ठेवला होता, पण त्या धांदलीत नीट पाहिला नव्हता. दिव्याखाली धरल्यावर दिसले की बाकीचे सगळे निकाल निळ्या शाईचे आहेत आणि दमट हवेने ते फिकट होऊन जांभळट झाले आहेत. इतके, की जपान किती आणि कोरिया किती हे डोळे बारीक करून वाचावे लागत होते. पहिल्या दिवशीची दोन शून्ये मात्र काळी होती. निळ्यावरून कुणीतरी काळ्या पेनाने ती पुन्हा काढली होती. बोट फिरवले तर कागद तेवढ्याच जागी खोल गेलेला लागत होता, आणि उलटून पाहिले तर मागच्या बाजूने, कुठल्याशा जाहिरातीच्या मजकुरात, दोन गोल उठून आलेले होते.

सकाळी ती सरावाला निघताना दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. मी कागद तिच्यापुढे धरला.

“निळं उडत चाललं होतं, म्हणून गिरवलं,” ती म्हणाली.

“कधी?”

“एकदा नाही. तीन-चारदा गिरवलंय,” ती म्हणाली. नाडीची दुसरी गाठ मारून तिने पाय आपटून पाहिला, किटची पिशवी खांद्यावर टाकली आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरून गेली.